डाव्या अंगठ्याची रजा

१९ जानेवारी, सोमवार

आज सेलूला जाऊन अंगठ्यात इंजेक्शन घेतलं. डाव्या. मी डावखुरा. पण दुसरीत असताना गुरुजींनी फूटपट्टीनं झोडून झोडून उजव्या हातानं लिहायला लावलं होतं. तेव्हा लय राग आला होता. आज त्याच हातानं हे लिहितोय, कारण कामाचा हात पट्ट्यात बांधलाय आणि कोणाशी तरी बोललो नाही तर डोकं फुटेल. घरात बोलावं तर वडील, म्हणजे आबा, दर वाक्यात मी सोडलेला 'डिप्लोमा' काढतात.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. अंगठा मुठीत दाबून मनगट खाली वाकवायला सांगितलं. वाकवलं आणि असा ओरडलो की बाहेर बसलेले पेशंट उठून आत बघायला लागले.

"कधीपासून दुखतंय?"

"दिवाळीपासून."

"काम काय करता?"

"मोटारी भरतो." त्यांना कळलं नाही, म्हणून सांगितलं की शेतातली पाण्याची मोटार जळाली की आतली जळकी तार काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची आणि एकेक वेटोळं खाचेत दाबून बसवायचं. दाबायचं अंगठ्यानं.

त्या म्हणाल्या, अंगठ्याच्या मुळाशी सूज आहे, तिथं स्टेरॉइड सोडते. त्यातच बधिर करायचं औषध असतं, त्यामुळं संध्याकाळपर्यंत दुखणार नाही, पण त्यावर जाऊ नका. उद्या-परवा उलट जास्त दुखेल, मग हळूहळू उतरेल. तीन आठवडे दाबणं, पिळणं, उचलणं बंद. ऐकलं नाही तर ऑपरेशन.

"दाबल्याशिवाय मोटार कशी भरायची मॅडम?"

"भरू नका."

सोपं आहे म्हणायला. वालूरला दुकान टाकून मला वर्ष व्हायचंय. आणि आत्ता दुकानात जी जळकी मोटार पडलीय ती कोणाची आहे? ग्यानोबामामाची. म्हणजे रेणुकाच्या बापाची. शाळेत ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची तेव्हापासून माझं जे व्हायचं ते झालंय. तिला ठाऊक नाही. ज्या घरी मला एक दिवस ताठ मानेनं जायचंय, त्या घरची मोटार मला भरता आली नाही तर तिथं कोणत्या तोंडानं जाऊ? या पाण्याच्या पाळीला मामांनी भावाच्या विहिरीचं पाणी गव्हाला घेतलंय. पुढच्या पाळीच्या आत त्यांना मोटार पाहिजे.

स्टेरॉइडचं नाव ऐकून माय म्हणाली, "ते तालमीतले पोरं घेतेत तेच का रे? मग तुजा दंड कामून फुगंना?"

आत्ता संध्याकाळ आहे आणि अंगठा अजिबात दुखत नाही! दिवाळीनंतर पहिल्यांदा. डॉक्टर लोक खामखा घाबरवतात. दुकानात जाऊन जळकी तार तरी काढून ठेवतो. त्याला छिन्नी-हातोडी लागते. अंगठ्याचं काय काम त्यात.

२० जानेवारी

अंगठ्याचं काम आहे त्यात. हातोडीचा दांडा अंगठ्यानंच धरतात, हे काल बधिर हाताला कळलं नाही. सगळी तार काढली, शीळ घालत काढली. पहाटे उठलो ते ओरडतच. मनगटापासून नखापर्यंत कोणी तापलेली सळई घातल्यासारखं. बर्फ आणला, तो गमज्यात बांधून धरला.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "काय केलंत?"

मी म्हटलं काही नाही. त्या म्हणाल्या, "खरं सांगा." सांगितलं. मग त्या जे बोलल्या ते इथं लिहीत नाही. शिवी एकही नव्हती, तरी पण.

२१ जानेवारी

दुखतंय.

२३ जानेवारी, शुक्रवार

थोडं उतरलं. त्याऐवजी दुसरंच पेटलं. चौकात बालाजीचं मोटारीचं दुकान आहे. त्यानं गावभर केलं की सुगतचा हात गेला, आता त्याच्याकडं मोटार टाकली तर गहू वाळून जाईल. मी पट्टा बांधलेला हात घेऊन त्याच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. आबा मागून आले आणि कॉलर धरून परत आणलं. एवढ्या लोकांत! मी काय लहान आहे?

दुपारी ग्यानोबामामा आले. मागं रेणुका. तिचा शिवणक्लास माझ्या दुकानाच्या दोन दुकानं पुढं आहे, म्हणून ती बापासोबत आलेली.

"काय रे सुगत, हात गेला मनतेत तुजा?"

"कोण मनतंय?"

"कोण का मनंना. मोटार देतो का नेऊ चौकात?"

"मामा, पुढच्या पाळीच्या आत तुमची मोटार विहिरीवर वाजली न्हाई तर मी दुकानाला कुलूप घालीन."

बोलून गेलो. रेणुका माझ्या पट्ट्याकडं बघत होती. मग मामा बाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या आबांना म्हणाले, पाच तारखेला सोनपेठहून पाहुणे येणार हायेत, रेणुकाला बघायला. पोरगा नोकरीला, गोदाकाठी जमीन. तुमी बी या.

आबा "येतो की" म्हणाले. माझ्या तोंडात जीभ होती का, हे मला आठवत नाही.

२४ जानेवारी

आज उजव्या हातानं करून बघितलं. तार खाचेत बसते आणि दुसऱ्या बाजूनं वर येते. परत बसवली. परत वर. शेवटी पक्कड भिंतीवर फेकली, ती जाऊन आरशावर बसली. आता दुकानात आरसा नाही. बरंच झालं, तोंड लालभडक झालंय. रात्री झोपही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, इंजेक्शननं काही जणांचं असं होतं, चार दिवसांत जाईल. मला वाटतं हे सगळंच इंजेक्शनचं नाही. थोडं सोनपेठचं पण आहे.

माय पाठीवर हात फिरवत म्हणाली, "गुमान झोप. मोटार कुठं पळून चालली?"

मोटार नाही गं माय.

२६ जानेवारी

सकाळी शाळेत झेंडावंदन. परत येऊन दुकान उघडून नुसताच बसलो होतो. रेणुका दारात.

"मोटार झाली का?"

"होईल."

"कशानं? फुंकर घालून?"

"तू तुझ्या क्लासला जा."

"क्लासलाच चाल्लेय." ती आत आली आणि मोकळ्या मोटारीत डोकावली. "हे खाचे भरायचेत ना? सांग कसं. मी भरते."

"हे पोरींचं काम न्हाई."

"मग पोरांचं हाय का? पोरगं तर पट्टा बांधून बसलंय."

मला एवढा राग आला की मी तिला सगळं सांगितलं. म्हणजे रागानं सांगायला सुरुवात केली, की बघ किती अवघड असतं, आणि सांगता सांगता ती करायलाच लागली. आधी खाचेत कागद. मग लाकडी साच्यावर तार गुंडाळून वेटोळी. ती दांडा फिरवते, मी मोजतो. मोजताना तिचे ओठ हलतात. मी ओठ बघत बसलो आणि आकडा गेला.

"किती झाले?" मी विचारलं.

"तू मोजायलास ना."

"तू पण मोजत होतीस की. ओठ हलत होते."

"माझा बी गेला," ती म्हणाली आणि तारेकडं बघत बसली. सगळं उलगडून पुन्हा केलं. एवढी हुशार मुलगी, आकडा कसा विसरली कोणास ठाऊक.

ती गेल्यावर लक्षात आलं, आज सव्वीस जानेवारी. शिवणक्लासला सुट्टी होती. तिच्या ध्यानात राहिलं नसेल.

२७ जानेवारी

आज एक नवीनच. आबा पेपर घेऊन दुकानात आले आणि दारातल्या खुर्चीवर बसले. पंचायत समितीतून रिटायर झाल्यापासून त्यांनी दुकानाच्या पायरीवर कधी पाय ठेवला नव्हता. डिप्लोमा सोडून दुकान टाकलं तेव्हा म्हणाले होते, मेलो तरी त्या दुकानाची पायरी चढणार नाही. मी म्हटलं, "घरी वाचा ना आबा."

"इथं उजेड चांगला हाय."

दिवसभर तोच पेपर. रेणुका आत काम करत होती. जाणारा-येणारा वाकून बघायचा, की आबा पेपर खाली करून म्हणायचे, "या, बसा. चहा मागवू का?" की तो निघून जायचा. रिकाम्या माणसाला वेळ जात नाही हेच खरं. माझी चार गिऱ्हाइकं मात्र त्यांच्यामुळं आत आली नसतील.

३० जानेवारी

अंगठा बराच हलका. इंजेक्शन टोचलं तिथं रुपयाएवढा पांढरट डाग पडलाय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, जातो हळूहळू. सकाळ-संध्याकाळ पट्टा काढून अंगठा कोमट पाण्यात नुसता हलवायचा, जोर नाही लावायचा. मी पाण्यात अंगठा हलवतो तेव्हा माय म्हणते, "मासे धरायलास का?"

रेणुकाची निम्मी वेटोळी खाचांत बसली. ती अंगठ्यानं नाही दाबत. बांबूची पट्टी तासून तिच्या टोकानं तार सरकवते, दोन्ही हात लावून, अंगाचा भार देऊन. मी वर्षभर अंगठा मोडला ते कशासाठी? मला उस्तादानं तसंच शिकवलं होतं म्हणून. मी म्हटलं, "हे तुला कसं सुचलं?"

"तुजा अंगठा बघून."

सोनपेठवाल्याचं नाव काय, हे मी विचारलं नाही. तिनं सांगितलंही नाही. विचारायला पाहिजे होतं का? मित्र असतो तर विचारलं असतं. मी मित्र नाही आणि दुसराही कोणी नाही, त्यामुळं गप.

१ फेब्रुवारी, रविवार

आज भांडण झालं. लिहितो, खरंखरं लिहितो.

शेवटची वेटोळी सगळ्यात घट्ट असतात. जागाच उरत नाही. रेणुकाची बांबूची पट्टी तीनदा मोडली. तिचे तळहात लाल झालेले. मला बघवेना. अंगठा तर दोन दिवसांपासून अजिबात दुखत नाही. मी पट्ट्याचा चिकट पट्टा फर्रकन ओढला, काढून फेकला आणि म्हटलं, "सरक."

ती सरकली नाही. "बांध."

"दुखत न्हाई आता."

"दुखत न्हाई मनूनच बांधायचा. दुखत असतं तर तू आपोआपच गप बसला असतास."

"हात माझा हाय."

"हाव. अन् मोटार आमची हाय. तू अंगठा लावलास तर मी आत्ता उठून जाते. अर्धी मोटार तशीच राहू दे. अन् माज्या बापाला सांगते चौकात न्या मनून."

आबा दारात पेपर धरून बसले होते. पेपर हलला नाही.

माझ्या कानशिलात ठणके पडायला लागले. असंच पॉलिटेक्निकला झालं होतं. वर्कशॉपचे सर म्हणाले 'बाहेर हो', तर मी जो बाहेर झालो तो कायमचाच. आत्ता वाटलं, सगळं लाथेनं उडवावं, मोटार, साचा, खुर्ची, पेपर. दहा दिवस मी ज्या हाताला जपलं त्याचं करायचं काय, जर पाच मिनिटांचं कामही त्यानं करायचं नाही?

मग तिचे लाल तळहात दिसले. ती तिथंच बसलेली, उठायला तयार, पण उठली नव्हती. पट्टा कोपऱ्यात पडला होता. जाऊन उचलला, धूळ झटकली आणि बांधला. उजव्या हातानं नीट बांधता येत नाही, तर तिनं पुढं होऊन बांधून दिला. घट्ट.

मग चौथी पट्टी तासली, ती मी तासली, उजव्या हातानं, वेडीवाकडी. ती मोडली नाही.

मी कोणाचं ऐकून जागेवर बसलो असं पहिल्यांदाच झालं. पण मी ठरवलंय. तीन आठवडे म्हणजे तीन आठवडे. कोणी काय वाटेल ते म्हणो.

३ फेब्रुवारी

वेटोळ्यांची टोकं दोऱ्यानं बांधली. तिचे टाके बघून मला लाजच वाटली, माझं काम म्हणजे गोणी शिवल्यासारखं दिसतं. मग वार्निश. मी हातमोजे दिले. तिनं घातले, थोड्या वेळानं काढून ठेवले.

"मोज्यात बोटं चालत न्हाईत."

"अगं डाग पडतेत."

"पडू दे."

दहाही बोटं तपकिरी-काळी झाली, नखांच्या कडांपर्यंत. परवा पाहुणे येणार. मलाच काळजी वाटली. मी बाटलीत थिनर काढून दिलं, कापूस दिला. पाण्यानं जात नाही, साबणानं जात नाही, यानंच जातं, नीट समजावलं.

तिनं विचारलं, "न्हाई लावलं तर किती दिवस राहतंय?"

"आठवडाभर तरी."

"बरं," म्हणाली आणि बाटली पिशवीत ठेवली. सगळं विचारून घेते, हे तिचं चांगलं आहे.

मी तिला थिनर दिलं. माझ्या हातानं. सोनपेठवाल्याला गोरी बोटं दिसावीत म्हणून. एखाद्यानं स्वतःच्या पायावर धोंडा टाकायचा तो किती जपून टाकावा!

५ फेब्रुवारी, गुरुवार

मोटार वाळली. आबांना म्हटलं बटण दाबा, मी लांब उभा राहतो. त्यांनी दाबलं. एक दणका नाही, एक वास नाही, नुसती घूंऽऽ. भोवऱ्यासारखी. आबांनी माझ्याकडं बघितलं आणि चष्मा पुसला. "चांगला आवाज हाय," म्हणाले. दुकान टाकल्यापासून पहिलं चांगलं वाक्य.

पण ऐकायला जी पाहिजे होती ती घरी साडी नेसून बसलेली.

माय तिकडंच गेली होती, सगुणाबाईला, म्हणजे रेणुकाच्या आईला, पोहे करू लागायला. संध्याकाळी आली ती दारातूनच हसत.

"काय झालं?"

"अरे, पोरगी चहा घेऊन आली. पोराची माय बोटाकडंच बघायली. विचारलं, काय गं, मेंदी हाय का? तर ही मनते, न्हाई, मोटार भरायलते."

"मग?"

"मग काय. ग्यानोबाभाऊचं तोंड बघायला पाहिजे होतं. पोराची माय मनते, कुणाची मोटार? तर ही मनते, आमचीच हाय, बसस्टँडजवळच्या दुकानात भरते, रोज जाते."

माय पदर तोंडाला लावून हसत होती. मला तिचा रागच आला. एका पोरीचं जमत आलेलं मोडायला लागलंय आणि ही हसते. थिनर लावायला वेळ मिळाला नसेल. पाहुण्यांच्या गडबडीत राहून गेलं असेल. मी स्वतः जाऊन लावून द्यायला पाहिजे होतं. म्हणजे, मायच्या हातानं.

६ फेब्रुवारी

ग्यानोबामामा सकाळीच दुकानावर.

"क्लासला जाते मनून सांगायली घरी, अन् इथं तुज्याकडं मजुरी करायली?"

"मजुरी न्हाई मामा. मला हात लावायचा न्हवता म्हणून…"

"तुला हात लावायचा न्हवता मनून माज्या पोरीचे हात काळे केले?"

दुकानासमोर लोक जमायला लागले. बालाजीही होता, हात मागं बांधून. मला वाटलं आता माझ्या तोंडून काहीतरी जाणार. मी दात दाबले. पट्ट्यातला अंगठाही मुठीत दबायला लागला, तर तोही सोडला. जप म्हटलंय ना.

"मामा, मोटार तयार हाय. आधी विहिरीवर बसवू. मग मला काय करायचं ते करा."

बैलगाडीत टाकली. उचलायला चौघं लागले. मी उचलली नाही, बाजूला उभा राहिलो. बालाजी म्हणाला, "बघा, मालक नुसते उभे." ऐकून घेतलं. मरणही यापेक्षा सोपं असेल.

विहिरीवर जोडणी केली. बटण मामांनीच दाबलं. पाइपानं आधी दोन गुळण्या टाकल्या आणि मग धार लागली, बाभळीच्या बुंध्याएवढी. मातीच्या दांडातून वाहत पाणी गव्हात शिरलं. मामा बांधावर उभे. बराच वेळ आवाज ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "पयल्यापेक्षा आवाज कमी हाय."

"तिनं टाके चांगले घातलेत," मी म्हटलं.

ते माझ्याकडं वळलेच नाहीत. पण दुकानाला कुलूप घालावं लागलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

सोनपेठचा निरोप आला. नकार. पोरगी चांगली आहे, पण असलं बाहेरचं काम करणारी नको.

दिवसभर जेवलो नाही. ही चूक माझी. मी तोंडानं सांगत बसलो आणि तिनं करून टाकलं, आणि बोटं तिची काळी झाली. माझ्या मनात काय आहे ते बाजूला ठेवू. मनातलं मी कोणाला सांगितलेलं नाही, त्यामुळं त्याचा हिशेब कोणाला लागत नाही. पण तिचं नुकसान मी भरून देईन.

उद्या सोनपेठला जाणार. त्या लोकांना भेटून सांगणार की आठवड्यात डाग जातात, की ती फक्त एक मोटार होती, की असली मुलगी त्यांना दिवा लावून शोधली तरी सापडणार नाही. हे सांगताना माझं काय होईल ते होवो. मी ठरवलंय.

मायला सांगितलं. ती कपाळावर हात मारून आत गेली. आबा म्हणाले, "जा. पण सकाळच्या गाडीनं जा."

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी स्टँडवर गेलो. सेलूची बस लागलेली. तिथून पाथरी, मग सोनपेठ. पायरीवर पाय ठेवला तर मागून पिशवी ओढली. रेणुका. धावत आलेली, चपलेचा अंगठा तुटलेला.

"कुठं चाल्लास?"

"सोनपेठला."

"कामून?"

सगळं सांगितलं. एका दमात. डाग, आठवडा, दिवा लावून. ती ऐकत होती आणि तिचं तोंड हळूहळू असं झालं की मला कळेना हसते का रडते.

"तुला तुज्या बापानं सांगितलं का जा मनून?"

"हाव. सकाळच्या गाडीनं जा म्हणाले. तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच! आत्ता घरी येऊन. सुगत सोनपेठला जायलाय, म्हणले, अडवायचा असंल तर अडव."

कंडक्टर म्हणाला, "दादा, बसायलास का भांडायलास?"

"तो न्हाई बसत," रेणुका म्हणाली.

"मी बसतोय. मला तुझं स्थळ…"

"अरे खुळ्या!" सगळी बस खिडकीतून बघायला लागली. तिनं आवाज खाली आणला. "मोजे मी कामून काढले असतील? थिनर मी घरी कामून न्हाई लावलं असंल? तुला मोटारीच्या आतली एकेक तार कळती. मी काय तेवढी बी कळत न्हाई का?"

बस गेली. मी खालीच होतो. मला काहीतरी मोठं बोलायचं होतं, वर्षानुवर्षं मनात ठेवलेलं. शेवटी मी म्हटलं, "तुझी चप्पल तुटलीय."

"हाव," ती म्हणाली. "ते तरी दिसलं."

१० फेब्रुवारी

सेलू. डॉक्टरीणबाईंनी अंगठा मुठीत धरायला लावून मनगट वाकवलं. मी डोळे मिटले. काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा वाकवलं. काहीच नाही.

"पहिल्या दिवसाचं सोडून बाकी पाळलेलं दिसतंय."

"पाळलं."

पट्टा सुटला. हळूहळू काम सुरू करा, जोर वाढवत न्या, अंगठ्यानं दाबायची सवय मात्र सोडा. मी म्हटलं, सोडली. बांबूची पट्टी वापरतो. कोणाची कल्पना ते सांगितलं नाही. हाताकडं बघत बसलो होतो. किती हलका, किती बारीक दिसतो. दुसऱ्याचा असल्यासारखा.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज आबा, माय आणि मी ग्यानोबामामाच्या घरी गेलो. जयभीम घालून बसलो. माझी पाठ घामानं भिजलेली, हिवाळा असून.

आबा आडवळण घेत होते, पाऊसपाणी, गव्हाची ओंबी. मामांनीच मधे तोडलं. "लिंबाजीभाऊ, कळलंय मला कामून आलात ते." मग माझ्याकडं वळले. "तू सांग. शिक्षण अर्ध्यात सोडलंस. अजून काय काय अर्ध्यात सोडनार हायेस?"

आधीचा मी असतो तर उठून आलो असतो. हे मी फुशारकीनं लिहीत नाही, खरंच उठलो असतो. कानशील तापलंच. मी बसून राहिलो आणि विचार केला, की मी आजपर्यंत पुरं काय केलंय? खरं बोलायचं तर एकच सापडलं.

"इंजेक्शननंतरची रजा पुरी केली मामा. तीन आठवडे. पहिला दिवस सोडला तर तुमच्या मोटारीला डावा अंगठा लावला न्हाई."

मामा बघतच राहिले. "तेवढंच?"

"सध्या तेवढंच."

आत भांडं वाजलं. सगुणाबाई खोकल्या का हसल्या, कळलं नाही. मामा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "अन् लग्नानंतर बी ती दुकानात बसनार? लोक बोलतील लिंबाजीभाऊ."

"बोलतेतच," आबा म्हणाले. "ती काम करायलती तेवढे दिवस मी दारात बसून ऐकायलतो. एकाची बी आत यायची हिंमत झाली न्हाई."

मी आबांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, छताकडं बघत होते. तो एकच पेपर. उजेड चांगला हाय. मी पाणी मागितलं. पाणी रेणुकानंच आणलं. तांब्या मी डाव्या हातानं घेतला.

बाहेरच्या विहिरीवर मोटार चालू होती, मामा ती ऐकत बसले.

"गव्हाची सुगी होऊ द्या," शेवटी म्हणाले. "मग बसून तारीख काढू."

सुगी म्हणजे मार्च. घरी येताना माय म्हणाली, "एवढे दिवस तुला दम निघंल का रे?"

निघेल.